लाकूड कोणाचं?

आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या छाटणीचे दोन भाव आले. एक अडीच हजार, दुसरा साडेसोळा हजार. अडीच हजारवाला म्हणाला दोन तासांचं काम आहे. साडेसोळावाला म्हणाला पूर्ण दिवस जाईल, कदाचित दुसरी सकाळही. घरात कौल कुणाच्या बाजूने लागला हे सांगायला नको. पण मी एका दाळमिलचे हिशोब बघते. दोन कोटेशनमध्ये एवढी तफावत दिसली की महागवाला लुटतोय का, हा प्रश्न मला नंतर पडतो. आधी पडतो तो हा, की स्वस्तवाल्याचा उरलेला खर्च कोण भरतंय?

निंब सासऱ्यांनी लावलेला, १९७९ साली. तेव्हा ही कॉलनी जळगावच्या बाहेर होती, शेतजमिनीचे प्लॉट पाडून नुकतीच विकलेली. खाली आपली तापीच्या खोऱ्यातली काळीभोर माती. झाडाने मनसोक्त पाय पसरले. आता एक जाड फांदी गच्चीवरच्या सोलर हीटरवर आडवी आली आहे, रस्त्याकडच्या बारीक फांद्या विजेच्या तारांना टेकतात, आणि मे-जूनचं वावधन, म्हणजे वादळवारं, सुटलं की रात्रभर पत्र्यावर कुणी काठ्या मारतंय असं वाटतं. म्हणून छाटणी. झाड पाडायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

अडीच हजारवाला एका ठेकेदाराकडे तारांखालच्या फांद्या तोडायच्या कामावर आहे. रविवारी आणि ड्युटी सुटल्यावर तो साईडची कामं घेतो. पोत्यात गुंडाळलेली कटर मशीन मोटारसायकलला मागे बांधून आला. बोलायला गोड, अंगाने काटक. "टेन्शन लेऊ नका ताई, दोन तासमा मोकळं करी देसू," म्हणाला, आणि मग हळूच, "अन् लाकूड आम्हनं."

मशीन ठेकेदाराची, दोर ठेकेदाराचा. पेट्रोल आणि त्यात मिसळायचं टू-टी ऑइल कुणाचं हे मी विचारलं नाही, पण खतावण्या लिहिणाऱ्या माणसाला काही गोष्टी न विचारताही दिसतात. हेल्मेट नाही, पट्टा नाही, सोबत एक भाचा. तरी त्याचा भाव खोटा नव्हता. त्याच्या खिशातून जे जातं त्यावर त्याने आपली मजुरी लावली होती. बाकीचं ओझं ठेकेदारावर, माझ्यावर आणि झाडावर होतं, एवढंच.

मला खटकलं ते लाकूड. म्हणजे भाव अडीच हजार नव्हताच, अडीच हजार अधिक लाकूड असा होता. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दीड-दोनशे किलोला सहज भरते. तारांना टेकणाऱ्या मनगटाएवढ्या काटक्यांना वखारीत कुणी विचारत नाही. मला काढायच्या होत्या त्या काटक्या. तो झाडाकडे बघत होता तेव्हा त्याची नजर बुंध्यावरून चढून पहिल्या दोन जाड फांद्यांपाशी थांबत होती. "हा रस्त्याकडचा पुराच काढी टाकू, दहा वर्षं कटकट नही," असा त्याचा सल्ला. सल्ला मनापासूनचा असेलही. पण ज्याची मजुरी लाकडात आहे त्याला बारीक फांदी सुचणार कशी? आमच्याकडे दलालाची दलाली क्विंटलवर असते, आणि म्हणून तो माल थांबवून ठेवा असं सहसा सांगत नाही. त्यात दलालाला दोष देण्यासारखं काही नाही, व्यवहारच तसा ठरलेला असतो.

नवरा म्हणाला, मग लाकूड आपण ठेवू, त्याला चार हजार रोख देऊ. हे बरोबर होतं, आणि मी तसं विचारलंही. तो तयार झाला. पण मग बारीक फांद्या कुठून कापणार, वर किती ठेवणार, सोलरवरची फांदी खाली कशी आणणार, असं विचारत गेले तसा त्याचा चेहरा पडत गेला. "कापीसन खाली पाडसूत" यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खाली सोलरच्या काचेच्या नळ्या होत्या.

शेजारच्या नानांचा निंब आमच्या निंबाहून दोन-चार वर्षांनी लहान. त्यांनी तो काही वर्षांपूर्वी भर मे महिन्यात बोडका केला होता, लाकूड देऊन, फुकटात. वरचा सगळा डोलारा काढून चार खुंट उभे ठेवले. पावसाळा लागला आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला खराट्यासारखे कोंब फुटले. नाना खूश, म्हणाले बघा, झाड पुन्हा तरुण झालं. ते कोंब तीन-चार वर्षांत पोटरीएवढे जाड झाले, आणि मग एका जूनमध्ये पहिल्याच वावधनात त्यातले दोन बुडापासून सोलून खाली आले, कंपाउंडवर आणि अर्धे नानांच्याच गाडीवर. आत पाहिलं तर जिथून ते फुटले होते तो खुंट भुसभुशीत झाला होता, हाताने कुस्करता येत होता.

असं का झालं ते मला नाशिकच्या मुलाकडून कळलं. हा साडेसोळावाला. पुण्यात झाडांवर चढायचं रीतसर शिकला, आता नाशिकला हेच काम करतो. जळगावला यायला तो तयार झाला तोही धुळ्यात एक काम होतं म्हणून. त्याने नानांचं झाड कंपाउंडवरूनच बघितलं आणि सांगितलं, फांदी मूळची असते ती खोडाच्या गाभ्यातून निघालेली असते, दर वर्षी खोड तिच्याभोवती चढतं आणि तिला आवळून धरतं. खुंटावर फुटलेला कोंब मात्र सालीखालच्या डोळ्यातून येतो. तो वरच्या थरालाच चिकटलेला. झाडाची सगळी पानं गेलेली असतात, म्हणून ते जिवाच्या आकांताने हे कोंब वाढवतं. पोसतं जोरात, पण पकड नाही. आणि खाली खुंटाला एवढी मोठी उघडी जखम, की ती बंद होण्याआधी कुजायला लागते.

नंतर मी रात्री बसून थोडं वाचलं. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते, २००६ साली वारले. त्यांनी हजारो झाडं मशीनने उभी चिरून आतली कूज कुठे थांबते ते पाहिलं. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही, कुजलेला भाग पुन्हा धड होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंती घालतं, त्याला तिथेच कोंडतं, आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. हे त्यांनी १९७७ साली नीट मांडलं. म्हणजे काप कुठे द्यायचा याला महत्त्व आहे ते एवढ्यासाठी. भिंत घालायची झाडाची जागा ठरलेली असते.

ती जागा मला प्रत्यक्ष दाखवली गेली, आमच्याच झाडावर. फांदी खोडाला मिळते तिथे साल जराशी फुगलेली असते, वरच्या बाजूला सुरकुत्यांची एक काळपट रेघ असते. निंबावर ती इतकी स्पष्ट दिसते की पंचेचाळीसेक वर्षं हे झाड घरासमोर असून ती कुणाच्या नजरेत कशी आली नाही याचं नवल वाटलं. काप त्या फुगवटीच्या जरा बाहेर हवा. खोडाला अगदी घासून कापलं तर फुगवटी जाते, वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून आत कूज नेतो. आपल्याकडे दोन्ही चालतं. घासून कापलं तर 'सफाईदार' आणि खुंट ठेवला तर 'पुन्हा फुटेल'.

नाशिकचा मुलगा आला जानेवारीच्या शेवटी. मेमध्ये ये म्हटलं होतं तर त्याने सरळ नाही म्हटलं. आमच्याकडे अख्खं शहर मेमध्ये झाडं कापायला निघतं, कारण पुढे वावधनाची भीती असते. पण जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतो. इतकी वर्षं सावलीत असलेली साल त्या उन्हात एकदम उघडी पडली तर भाजते, तडकते, आणि तडकलेल्या सालीतून किडा आत जातो. शिवाय त्या दिवसांत कावळ्यांच्या घरट्यांचा, आणि त्यांत अंडी घालणाऱ्या कोकिळांचा हंगाम. जानेवारी-फेब्रुवारीत निंब तसाही पान गाळायच्या बेतात असतो, फांद्यांचा सांगाडा दिसतो, आणि पाडव्याला लागणारी कोवळी पालवी यायला वेळ असतो.

आल्या आल्या तो झाडाजवळ गेलाच नाही. रस्त्यापलीकडे उभा राहून बघत बसला. मग भोवती फिरला, बुंध्याशी बसून माती बोटांनी उकरली, लाकडी हातोडीने खोडावर ठोकत आवाज ऐकला. फरशीवाल्याने बुंध्याला अगदी भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले होते, ते त्याने पहिल्यांदा काढायला लावले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते आमच्या अंगणात आता पोहोचलं. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. अंगण झाडायला त्रास होतो, हा त्यांचा मुद्दा, आणि झाडतात त्याच, त्यामुळे मी गप्प बसले.

मग दोर. लहानशी जड पिशवी बांधलेली बारीक सुतळी त्याने वरच्या दुबेळक्यातून फेकली, तिच्यामागे जाड दोर ओढून घेतला आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवून वर गेला. पायाला खिळे नाहीत. खिळ्यांचे बूट घालून चढतात ते पाडायच्या झाडावर, जगवायच्या झाडाला त्याने प्रत्येक पावलाला भोक पडतं.

सोलरवरची फांदी हे त्या दिवसातलं खरं काम. त्याने ती टोकाकडून तुकड्यातुकड्याने कमी करत आणली. शेवटचा जाड तुकडा वरच्या एका फांदीवरून घेतलेल्या दोराला बांधला. खाली त्याच्या जोडीदाराने त्या दोराचं दुसरं टोक बुंध्याला दोन वेढे देऊन धरलं. वेढ्यांमुळे वजन बुंधा घेतो, माणसाने फक्त दोर सोडत जायचा. पहिला काप त्याने खालून दिला, फांदीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, थोडा पुढे. कर्र आवाज होऊन तुकडा सुटला, जरा डोलला आणि सोलरच्या नळ्यांपासून हातभर अंतरावरून, पाळण्यातून उतरावं तसा, अंगणात आला. खालचा काप नसता तर पडताना फांदीने खोडाची साल खालपर्यंत सोलून नेली असती. उरलेल्या खुंटाचं वजन नगण्य. तो तिसऱ्या कापाने, फुगवटीच्या बाहेरून, त्याने हातकरवतीने काढला.

त्या एका फांदीला दीड तास गेला. नवऱ्याने घड्याळ बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

तारांजवळच्या फांद्यांना त्याने आधी हातच लावला नाही. वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन लाईन बंद करून घेतल्याशिवाय त्या बाजूला जाणार नाही, हे त्याने कोटेशनमध्येच लिहिलं होतं. ओल्या निंबातून करंट उतरतो. साईडचं काम करणारे बहुतेक जण म्हणतात, रोजचं आहे, सवय आहे. सवय असते हे खरं. पण ड्युटीवर असताना लाईन बंद केलेली असते, रविवारी आपल्या अंगणात ती चालू असते. अर्ज मीच दिला, सकाळी दोन तासांची वेळ मिळाली, त्या दोन तासांत काम झालं. दुसरी सकाळ लागली ती त्यासाठीच.

अर्ज म्हटलं तर आणखी एक. महापालिकेच्या हद्दीत झाडांचा १९७५ चा अधिनियम लागू आहे. आपल्या जागेतलं, आपण लावलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि छाटणीच्या नावाखाली झाड मरेल असं कापणं हेही तोडण्यातच येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वयाचं झाड 'प्राचीन वृक्ष' धरलं जातं. आमचा निंब आता त्या उंबरठ्यावर आहे. सासरे असते तर त्यांनी पेढे वाटले असते. फोटो जोडून छाटणीचा अर्ज केला, पोच घेतली, फाईलला लावली. स्वस्तवाल्याने परवानगीचं नाव काढलं नव्हतं, आणि विचारल्यावर "रविवारी कोण बघी राहिनं" म्हणाला. खटला झाला तर मशीनवाल्याबरोबर मालकाचंही नाव येतं.

आता माणूस पडला तर? हे बोलायला कुणाला आवडत नाही. मिलमध्ये हमालांसाठी कामगार भरपाईची पॉलिसी दर वर्षी मीच रिन्यू करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या तोंडून सहज निघतो. नाशिकच्या मुलाला विम्याची प्रत मागितली तर ती पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर आली, दोघांची नावं असलेली. अडीच हजारवाल्याला विचारलं तर तो हसला. ठेकेदाराचा विमा असेलच तर तो ड्युटीचा, आणि ज्या कामाचा ठेकेदाराला पत्ताच नाही तिथे त्याचा काय उपयोग? त्या माणसाला दोन मुलं आहेत, मोठी बारावीला आहे. वीस फुटांवरून माझ्या अंगणात पडला तर दवाखान्याचं बिल, त्याचं घर आणि माझी झोप, हे अडीच हजारात कुठल्या रकान्यात लिहायचं?

एवढं सगळं लिहून झाल्यावर कुणाला वाटेल की मी त्याला परत पाठवलं. नाही. मागच्या अंगणातलं सगळं काम त्यालाच दिलं. शेवगा आहे, तो शेंगा संपल्या की दर वर्षी कमरेइतका खाली छाटायचाच असतो, लाकूड ठिसूळ, चढायचंही नाही, खालूनच काम. सुबाभूळीची आपोआप उगवलेली पोरं होती, ती मुळातून काढायची होती. एक पपई मेलेली. याला नाशिकहून माणूस बोलावणं म्हणजे फोडणीला तूप मोजून घालण्यासाठी आचारी ठेवणं. दिवसाची मजुरी ठरवली, रोख दिली, लाकडाचा विषय ठेवला नाही, पाय जमिनीवर राहतील अशीच कामं. त्याने ती झकास केली, वर पाला ओढून गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन दिला. निंबाचा पाला मात्र त्याच्याआधी पलीकडच्या वस्तीतल्या शेळ्यांनी संपवला होता.

आंब्याची गोष्ट तिसरीच. गावरान आंबा आहे, लोणच्याचा. त्याच्या खोडातून भुसा गळत होता. मशीनवाला म्हणाला सडलं, काढून टाका, आणि या वेळी त्याची नजर कुठे होती ते मी सांगायला नको. नाशिकचा मुलगा म्हणाला भिरूड आहे, खोड पोखरणारी अळी, पण किडीचं काम मी करत नाही. ते केलं चोपड्याकडे लिंबाच्या मळ्यात उभी हयात घालवलेल्या एका बाबांनी, माझ्या मैत्रिणीच्या ओळखीने आलेल्या. त्यांनी सायकलच्या तारेचा आकडा करून भोकातून अंगठ्याएवढी पांढरी अळी ओढून काढली, दुसऱ्या भोकात औषधाचा बोळा घालून वर चिखल लिंपला. मग मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर अशी बोर्डो पेस्ट कालवून खोडाला तीन फुटांपर्यंत लावली. नाशिकच्या मुलाच्या मते कापलेल्या जागेला काहीही फासायची गरज नसते, झाड आपलं बघून घेतं. बाबांच्या मते पेस्ट न लावणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. दोघांना मी समोरासमोर आणलं नाही. निंबाचे काप तसेच उघडे आहेत, आंब्याला निळं सोवळं नेसवलेलं आहे, आणि सध्या दोघांचंही बरं चाललं आहे. बाबांनी पैसे सांगितले नाहीत. द्याल ते, म्हणाले. असं म्हणणाऱ्यांशी हिशोब करणं मला सगळ्यात जड जातं. जाण्या-येण्याचं भाडं, दोन दिवसांची चांगल्या मजुराची मजुरी आणि एक धोतरजोडी, असं करून मोकळी झाले.

निंबाचा एकूण खर्च साडेसोळाच लागला, त्यात सुमारे चार हजार नुसता दोघांच्या येण्या-जाण्याचा आणि मुक्कामाचा. म्हणजे कामाचे साडेबारा. झाडाचा डोलारा पाचव्या हिश्शाहून जास्त कमी केलेला नाही. आमचे एक पाहुणे येऊन म्हणाले, "एवढे पैसे दिले आणि काही कापलंच नाही?" रस्त्यावरून बघितलं तर खरंच कळत नाही. निघालेलं लाकूड मी वखारीत दिलं, त्याचे अकराशे आले. ते पाहून नवरा म्हणाला, मशीनवाल्याच्या मनातलं झाड आणि आपलं झाड यांत बराच फरक होता म्हणायचं.

नानांनीही आता विचारलं आहे. त्यांच्या चार खुंटांवरचे कोंब विरळ करून प्रत्येकी एक-दोनच चांगले ठेवायचे, बाकीचे काढायचे, असं काम निघेल आणि ते एका वर्षात होणारं नाही, टप्प्याटप्प्याने करावं लागेल, असं त्या मुलाने सांगून ठेवलं आहे. आमच्या आंब्याची छाटणी कैऱ्या उतरवल्यानंतर, जून संपता संपता. दोन घरं झाली. जळगावात अजून एखाद्याला त्याच सुमारास काम काढायचं असेल तर कळवा, येण्या-जाण्याचे चार हजार तिघांत वाटले जातील. फक्त आपल्या झाडाचा अर्ज ज्याने त्याने स्वतः करायचा, आणि लाकूड कोण नेणार ते आधी ठरवायचं.